अटी मान्य

मुबीन दुकानात शिरला तो तोंड पाडूनच.
गेला बे, म्हणाला, आपला गेम गेला.
अकरा वर्षं खेळलो. सतराशे रुपयांची तलवार,
रात्री जागून बांधलेला किल्ला, किल्ल्यात विहीर,
मंगळवारी साडेबाराला कंपनीनं सर्व्हर बंद केला
बाथरूमचा दिवा घालवावा तसा.
पावती आहे माझ्याकडे!
मी म्हटलं, वाच की पावती.
तू घेतला नव्हतास लका,
तुला बघायला दिला होता.

अशोक चौकात माझं दुकान, आठ बाय दहा.
फुटके डिस्प्ले, सोल्डरचा धूर,
कागदात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि माझी मतं.
मतं फुकट. डेटा काढून द्यायचे आठशे.

माझं मत आहे की जे दुसऱ्याला बटण दाबून बंद करता येतं
ते आपलं म्हणू नये.
माझं मत आहे, खेळायच्या रीतीवर पेटंट घेणाऱ्यांनी
उद्या सूरपारंबीवर घ्यावं,
पोरं वडाला लोंबकळण्याआधी दिल्लीला अर्ज करतील.
आणि ती कॅसेट. गड्ड्याच्या जत्रेतली, पिवळी.
वर छापलेलं : नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ.
आत सात.
बाकी त्याच सातांची नावं बदललेली.
फुंकर मारली की आजही चालते.
चोरीची होती. माझी आहे.

नैना मागच्या स्टुलावर बसून ऐकत असतो.
परवा त्याला सांगितलं :
एक माणूस फुकट प्रोग्राम लिहायचा,
कंपनीशी वाजलं, त्यानं आपल्या चार ओळी काढून घेतल्या,
तर मोठमोठ्यांची कामं अडली.
नैना म्हणाला, संपच की तो.
एकट्याचा.

तीस वर्षं तो जकार्डचे पुठ्ठे पाडायचा.
भोक असलं तर सुई आत, धागा वर.
नसलं तर नाही.
असे बाराशे पुठ्ठे ओवले
की चादरीवर मोर उभा राहायचा,
मागाला ठाऊकच नसायचं मोर म्हणजे काय.

एकदा मालकानं दुसऱ्या कारखान्याची चादर टाकली पुढ्यात.
धागे मोज, म्हणाला, असाच पाहिजे.
नैनानं भिंगातून नऊ रात्री मोजले.
पुढं दोन्ही मालक कोर्टात गेले,
मोर कुणाचा म्हणून सात वर्षं तारखा.
मधेच कधीतरी एक माणूस दारात आला,
इरण्णा बिराजदार, मूळचा मोर त्याचा.
अव्वा घाबरली. चहा ठेवला.
तो बशीत चहा ओतत म्हणाला,
मानेचं वळण माझ्यापेक्षा बरं जमलंय तुम्हाला.
आणि गेला.
दोघांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.
कारखाना बंद झाला तेव्हा
पुठ्ठे किलोवर गेले रद्दीत.

हे मला नैनानं काल सांगितलं.
इतकी वर्षं माझी मतं ऐकून घेतल्यावर.

मुबीन आज परत आला, पेनड्राइव्ह मुठीत.
कुणीतरी त्या गेमचा सर्व्हर उकललाय,
आपल्या जुन्या पीसीवर चालेल, लावू या?
कंपनीला कळलं तर नोटीस येईल.
येऊ दे.
टेबलाखाली खोकं घरघरायला लागलं,
लोडशेडिंग झालं, पुन्हा लावलं,
रात्री सव्वा वाजता पडद्यावर मोकळं मैदान उगवलं.
मैदानात मुबीन, आणि विजापूरचा कुणी एक पोरगा.
किल्ला?
नाही. किल्ला त्यांच्याकडेच राहिला.
मुबीननं पहिला दगड ठेवला, थोडा वाकडा.

नैना वाकून बघत होता, चष्मा कपाळावर.
ही चोरी म्हणायची का रे?

मी, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत असतं,
सोल्डरची टोक तापली का
ते बोट जवळ नेऊन बघत राहिलो.